साडेतीन चाळीतलं उद्घाटन

आणीबाणी उठली आणि सोलापुरात हक्कांचं भरघोस पीक आलं. आमच्या भवानी पेठेत एकाच गल्लीत तीन हक्क समित्या निघाल्या. त्यांतल्या दोन सतरंजीच्या मालकीवरून फुटल्या. तिसरीकडं सतरंजीच नव्हती, म्हणून ती टिकली. तिचा मी चिटणीस.

समितीचं काम सरळ होतं. गोरगरिबांकडून पट्टी म्हणून जे घेतात, ते जातं कुठं, एवढंच विचारायचं. अध्यक्ष वीरभद्रप्पा वकील. चौदा पानांखाली सत्याला वजन येत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. करवसुली आणि माणसाचे मूलभूत हक्क यांवर त्यांनी इंग्रजीत चौदा पानी निवेदन लिहिलं आणि त्या कचेरीत नेऊन दिलं. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं मी कचेरीचं घेणार नाही. भीती दोन्हीकडं सारखीच. निवेदनावर शिक्का बसला. पुढं बरेच महिने त्यावर चहाचे कप बसत होते.

अशात एके दुपारी साडेतीन चाळीतली नागम्मा सभेला आली. चार चाळी बांधायच्या म्हणून मालकानं सुरुवात केली, चौथी अर्ध्यावर राहिली, म्हणून साडेतीन चाळ. नागम्मा विड्या वळायची. सभेतही मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. वकील बोलत होते तोवर तिची दोन बंडलं झाली.

"मास्तर, तुमी हक्क देता म्हणं," ती मला म्हणाली.

"देत नाही, मागतो."

"मंग एक संडास मागा की."

वकिलांनी चष्मा पुसला. "बाई, आपण धोरणाबद्दल बोलतोय."

"मी बी त्याच्याबद्दलच बोलायलालेय, वकीलसाब. घरभाड्यात सफाई पट्टी लावत्यात. सफाई कुठली? नाल्यापल्याडचं मैदान. तितं आता ट्रकवाल्यांनी तळ टाकलाय. पहाटे दिव्याचा झोत आला की बायांनी उठून उभं राहायचं. गेला की बसायचं. परत आला, परत उठायचं. माझ्या सुनंला सातवा लागलाय. नरसव्वाला. तिला बसलं की उठवत न्हाय."

वकिलांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. नागम्मानं तेवढ्यात आणखी एक विडी वळली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतलं छापील अंदाजपत्रक मिळवलं. ते कुणी वाचत नसल्यामुळं कोरं करकरीत होतं. पान एकेचाळीसवर ओळ सापडली: साडेतीन चाळ, स्त्रियांसाठी दहा सीटचा सार्वजनिक संडास, काम पूर्ण. त्याखालची ओळ: सभापतींच्या बंगल्यात पाहुण्यांसाठी विलायती पद्धतीचा संडास, काम पूर्ण. त्या दोन्हींतला एक खरोखरच पूर्ण होता.

वकिलांनी लगेच पत्र टाकलं. चाळीत संडास नाही, तो त्वरित बांधावा. या वेळी उत्तर आठ दिवसांत आलं, यावरूनच ते किती सोपं होतं हे कळावं. 'सदर ठिकाणी संडास अस्तित्वात असल्याने दुसरा मंजूर करता येत नाही.'

म्हणजे संडास नव्हता म्हणून हवा होता, आणि होता म्हणून मिळत नव्हता. वकील म्हणाले, हायकोर्टात जाऊ. चार वर्षांत निकाल लागेल. मी मनातल्या मनात नरसव्वाचे महिने मोजले.

पत्र मी नागम्माला वाचून दाखवलं. ती बराच वेळ हसली.

"हाय म्हणायलालेत न्हव?"

"लेखी."

"मंग आमचंच चुकलं की. उद्घाटन कुटं झालंय? उद्घाटनाबिगर वापरायचा कसा? बोलवा सभापतीला."

स्थायी समितीचे सभापती आबासाहेब. मनानं मोकळा माणूस. उद्घाटनाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पिठाच्या गिरणीपासून व्यायामशाळेपर्यंत सगळ्या फिती त्यांनी कापल्या होत्या. मंडळी ऐनवेळी कात्री विसरतात म्हणून स्वतःची कात्री कोटाच्या खिशात बाळगत. सत्काराच्या चादरी घरात छताला टेकल्या होत्या. तरी सोलापूरचा माणूस चादर नको म्हणत नाही. आमची पत्रिका पोचताच त्यांनी होकार कळवला. कशाचं उद्घाटन, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत बायकांनी शेण-पाणी करून सडा घातला, रांगोळी काढली. चार वेळू रोवले, मध्ये लाल फीत बांधली. फितीच्या पलीकडं काही नव्हतं. थोडं गवत होतं, आणि एक शेळी होती. मंडपवाल्या सिदूनं लग्नातला मोठा कर्णा झाडावर चढवला होता, आवाज पार पेठेत जाईल असा.

आबासाहेब आले. त्यांच्यामागं कचेरीचा ओव्हरसियर आला. तो फितीपलीकडं बघून एकदम दुसऱ्याच रंगाचा झाला. आबासाहेबांच्या गळ्यात हार पडला, अंगावर चादर पडली, आणि हात सवयीनं खिशात गेला. कात्री चालली. टाळ्या झाल्या. सिदूनं माईक हातात दिला.

"बंधू-भगिनींनो, आज माझ्या माता-भगिनींच्या कष्टाचं चीज झालं. ही जी भव्य वास्तू..." असं म्हणत त्यांनी हात मागं केला आणि मग मान वळवली. शेळीनं त्यांच्याकडं बघितलं. पण वीस वर्षांचा सराव असा वाया जात नाही. "...ही वास्तू पुढच्या पिढ्यांना प्रेरणा देईल," असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं.

तेवढ्यात नागम्मा पुढं झाली. हातात घासून लखलखीत केलेलं टमरेल, काठोकाठ पाणी, वर हळदकुंकवाची बोटं. तिनं ते दोन्ही हातांनी आबासाहेबांपुढं धरलं.

"घ्या, सायेब. पयला मान तुमचा."

"कसला मान, अक्का?"

"आता कसं सांगू? चारचौघांत!" बायका पदराआड हसल्या. "नव्या घरात मालकानं आधी पाय टाकायचा, हितं बी तसंच. तुमी जाऊन या. तोवर आमी थांबतो."

"अहो अक्का, पण..."

"लाजू नगा. आमी तोंड फिरवून बसतो." आणि साठ-सत्तर बायका खरोखरच तोंड फिरवून बसल्या. लगबग नाही, गडबड नाही. समोर फक्त पाठी आणि अंबाडे.

"आणि हे बघा," नागम्मा म्हणाली, "झोत-बीत आला तर उठून उभं राहा म्हंजे झालं. सवय होतीय."

आबासाहेबांनी टमरेल घेतलं खरं. टमरेल एका हातात, माईक दुसऱ्या. त्यांनी ओव्हरसियरकडं बघितलं, तो शेळीकडं बघत होता.

"अरे, आत जाऊ कुटं?" आबासाहेब ओरडले. "हितं संडासच न्हाय!"

माईक तोंडासमोरच होता. कर्ण्यातून ते वाक्य पेठेवरून गेलं, चौकात पोचलं, आणि तिथला चहावाला गाळणी हातात धरून थांबला, असं तोच पुढं सांगायचा.

वीरभद्रप्पा उठून उभे राहिले. "चिटणीस, लिहून घ्या. सभापतींचे उद्गार जसेच्या तसे. वेळही टाका." चौदा पानांत जे मावलं नव्हतं ते तीन शब्दांत मावलं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

सोमवारी सकाळी विटांचा पहिला ट्रक आला. आता अडचण एकच होती. कागदावर संडास पूर्ण होता, तो पुन्हा बांधायचा कसा? पण कचेरीत बुद्धिमान माणसांची कमतरता कधीच नव्हती. काम 'विशेष दुरुस्ती' या सदरात घातलं गेलं. नसलेल्या संडासाची दुरुस्ती बांधकामापेक्षा महाग पडते, हे मला पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात वाचायला मिळालं. दहाचे सहा सीट झाले. चार दुरुस्तीत गेले म्हणे. समितीनं त्यावर नवं निवेदन दिलं. त्यावर चहाचे कप बसायला सुरुवातही झाली.

साडेपाच आठवड्यांनी आबासाहेब पुन्हा आले, दुरुस्तीच्या उद्घाटनाला. फीत कापली, चादर घेतली, आणि त्यांची नजर हळूच नागम्माच्या हातांकडं गेली. हातात तेच टमरेल. आबासाहेब दोन पावलं मागं सरले.

"आज पयला मान घरच्या लेकीचा," ते घाईघाईनं म्हणाले.

"मी बी तेच म्हणणार हुते," नागम्मा म्हणाली आणि टमरेल सुनेकडं दिलं.

नरसव्वा भरल्या दिवसांची. कमरेवर हात ठेवत, पाय सावरत ती गेली. भर दुपारी बारा वाजता. नवं दार लावून घेतलं. आतून कडी लागली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आबासाहेबांनी भाषण सुरू केलं आणि संपवलं. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, ओव्हरसियरनं दोनदा घड्याळ बघितलं. नरसव्वा काही बाहेर येईना.

"अक्का, बघा जरा," आबासाहेब म्हणाले. "लई वेळ झाला."

नागम्मा पायरीवर बसली होती. तिनं सूप मांडीवर घेतलं आणि एक पान कातरायला लागली.

"बसू द्या तिला," ती म्हणाली. "आज कोण उठवणार न्हाय."