वडिलांकडून आलेलं

"अहो, हलू नका म्हणते ना!"

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकोला हसू आवरेना. सलूनवाल्याने उभा जन्म गिऱ्हाइकांच्या माना सरळ धरण्यात घालवला होता. आज स्वतःचं डोकं यंत्राला टेकवायची वेळ आली, तर ते सारखं मागे सरकत होतं.

"गळ्याला कापड गुंडाळा यांच्या, मग बसतील गप्प," बायको म्हणाली.

डोळा परवापासून ठणकत होता, लालबुंद झाला होता. पण हलण्याचं कारण दुखणं नव्हतं, भीती होती. काचबिंदूने वडिलांची नजर गेली, तेव्हा ते याच वयाचे होते. आता आपली पाळी, असं त्याने मनाशी धरूनच टाकलं होतं. कात्री हातातून गेली तर घर कसं चालायचं?

बाईंनी डोळ्यात थेंब घातला आणि कापसाच्या काडीवर वरची पापणी अलगद उलटवली.

"सापडला चोर!" काडीच्या टोकाला बारीकसा पांढरा केस होता. "बुबुळावर ओरखडा उठवलाय याने. मलम देते, भरून येईल. कुणाचा हो हा?"

"बाबांचे केस कापले परवा," तो ओशाळला. "ब्रश सोडून फुंकर मारली."

"झालं! चला घरी," बायको म्हणाली. तो खुर्चीतून उठेना.

"डॉक्टर, डोळ्याचा दाबही बघता? आमच्या बाबांना काचबिंदू होता."

आता मात्र तो दगडासारखा बसला. बाईंनी दोन्ही डोळे तपासले, आतल्या नसा पाहिल्या.

"काही नाही. सगळं छान आहे. दरवर्षी दाखवत जा मात्र."

बायको भिंतीकडे तोंड करून उगाचच पर्स चाचपू लागली.

घरी बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. पावलं ऐकताच त्यांनी विचारलं, "माझंच आलं का रे तुझ्यात?"

"आलं ना. एक केस, तोही पांढरा. बाकी डोळे ठणठणीत."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याचे न दिसणारे डोळे भरून आले. मग गालांवरून हात फिरवत तो म्हणाला, "मग दाढी कर की माझी. दोन दिवस सांगायची हिंमतच होईना."

मुलाने तिथेच दारात, एक डोळा मिटून, साबणाचा फेस करायला घेतला.