स्क्रीनवरचा बाण

तेजस्वीनं खुर्ची पुढं ओढली, सेटिंग उघडलं आणि मॉनिटरचं रेझोल्यूशन पुन्हा पूर्ण केलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली. परत उजळली तेव्हा मघाची ठळक अक्षरं मुंगीएवढी झाली होती आणि त्यांच्यामध्ये नवरीचा चेहरा, नथीच्या मोत्यांसकट, लख्ख उमटला होता.

“आप्पा, परत कमी केलंत तुम्ही.”

तिचे वडील, उदयसिंह, काउंटरमागं फोटोंचे लिफाफे लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“अडकतंय गं ते. ब्रश फिरवला की रेघ मागनं येती. कमी केलं की पळतंय.”

ते खोटं नव्हतं. गंगावेशीतल्या त्यांच्या स्टुडिओतलं मशीन जुनं होतं. दिवाळीत तेजस्वीनं मोठा मॉनिटर आणला, तेव्हापासून त्याला धाप लागली होती. एवढे ठिपके रंगवायचे म्हणजे त्याच्या ताकदीबाहेरचं काम. पण रेझोल्यूशन उतरवलं की चेहरे पुसट, फुगल्यासारखे दिसत; गालावरचा डाग कुठला आणि सावली कुठली, कळत नसे. रोजच्या या कटकटीला कंटाळून तिनं नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं, रॅम वाढवली. आता ब्रश हाताबरोबर धावत होता. तरीही ती बाहेरचं शूटिंग उरकून परत आली, की रेझोल्यूशन खाली आलेलं असे.

“आता कुठं अडकतंय? मग कशाला कमी करता?”

“सवय लागलीया,” ते म्हणाले आणि लिफाफ्यांची चळत उगाचच पुन्हा सारखी करू लागले.

दुपारी कळंब्याच्या बयाबाई आल्या. इथूनच करून नेलेली, पदराखाली धरलेली फ्रेम त्यांनी काउंटरवर ठेवली. त्यांचा मुलगा सयाजी गेल्या आठवड्यात मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. फोनचा चुरा झाला. उरला तो पाकिटातला एक फोटो, मधोमध घडी पडलेला. तेजस्वी तो दुरुस्त करायला बसणार, तर उदयसिंहांनी तिला उठवलं होतं. “ह्यो मी करतो,” म्हणाले होते, “पोराच्या आईला द्यायचाय.”

“पावणं,” बयाबाई म्हणाल्या, “चीर तशीच राहिलीया की ओ.”

उदयसिंहांनी फ्रेम उचलली.

“कुठं?”

“ही न्हवं का. गालावरनं खाली.”

ते फ्रेम घेऊन दाराच्या उजेडात गेले. आधी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. फ्रेम डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. कपाळापासून नाकापर्यंतची घडी त्यांनी अशी मिटवली होती, की तिथं ती कधी होती हेसुद्धा कळलं नसतं. तिथून पुढं मात्र पांढरी रेघ गाल कापत थेट कॉलरपर्यंत उतरली होती.

“कुठं म्हणालासा?” त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांचा अंगठा त्या रेघेवरच होता.

तेजस्वी उठली. तिनं फ्रेम त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

“मावशी, मशीननं घोळ घातलाय. आत्ता करून देते. बसा तुम्ही.”

“भांडायला न्हाय आले बाई,” बयाबाई टेकत म्हणाल्या. “पर दोन तुकडं केल्यागत दिसतंय तोंड. बघवत न्हाय.”

उदयसिंह बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. तेजस्वीनं फोटो मोठा केला. सयाजीचा चेहरा स्क्रीनभर पसरला आणि बयाबाई एकटक त्याच्याकडं बघत राहिल्या.

“दाढी करायची राहिलीती बघ त्याची,” त्या म्हणाल्या. काम झाल्यावर नवा फोटो घातलेली फ्रेम त्यांनी पुन्हा पदराखाली घेतली.

त्या गेल्यावर तेजस्वी पायरीवर आली.

“आप्पा, कधीपासनं?”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता. तो पुढं जाईपर्यंत ते थांबले.

“माउसचा बाण घावायचा न्हाय स्क्रीनवर. मोठं केलं की घावायचा.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “कडंनं काळं होत आलंय. वय झालं म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

“काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय ती औषधानं धरून ठेवायची.”

उदयसिंहांनी गिऱ्हाइकाची ऑर्डर ऐकावी तशी मान हलवली.

“माणसाचं तोंड दिसंल न्हवं?”

“समोर आलं तर दिसेल.”

तेजस्वीनं वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही, धरलाही नाही.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. “तुम्ही मुलगी ना? हा आजार रक्तात उतरतो. आलाच आहात तर तुमचेही डोळे तपासून घेऊ.”

“मला काही त्रास नाही.”

“यांनाही नव्हता,” डॉक्टर म्हणाले.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. तपासणाऱ्या मुलीनं तिचा एक डोळा झाकला, हनुवटी मशीनवर टेकवायला लावली आणि हातात बटण दिलं.

“समोरच्या ठिपक्याकडंच बघायचं, ताई. बाजूला कुठंही बारीक उजेड चमकला, की दाबायचं.”

समोरची पांढरी पोकळी उजळली. एक ठिणगी चमकली. तेजस्वीनं बटण दाबलं. आणखी एक. मग खालच्या बाजूला एक. तिनं लगेच दाबलं.

मग काहीच नाही. ती अंगठा तयार ठेवून बसली. दाराबाहेर आप्पा कुणाला तरी विचारत होते, माझी मुलगी आत हाय, अजून किती वेळ लागंल. पोकळी तशीच पांढरी, रिकामी होती.

“थांबलं का?” तिनं विचारलं.

तपासणाऱ्या मुलीनं मशीनच्या स्क्रीनवर नजर टाकली.

“नाही ताई. चालूच आहे.”