चांगले टायर पुढे

मजीदमियाँच्या कंजुषीचं मला काही वाटत नाही. ती निदान ठरलेली असते. त्यांच्या शहाणपणाचा मात्र हिशोब लागत नाही.

त्रेसष्टचा जानेवारी. आमचा ट्रक पहिल्यांदाच लेबनॉनहून सफरचंदं आणायला निघणार होता. मधल्या घाटात बर्फ पडतो, असं एका सीरियन ड्रायव्हरने बजावलं होतं. ट्रक मजीदमियाँचा, चालवणार त्यांचा मेहुणा हारून आणि दुकानात हिशोब लिहायला मी. तिघेही दाभोळच्या खाडीकाठचे, पोटासाठी अरबांच्या वाळवंटात आलेले. बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीत.

"वाळूचेच टायर राहू देत," मजीदमियाँ म्हणाले. "थोडी हवा काढायची. बर्फ म्हणजे काय, पांढरी वाळू!"

"दुलाभाई," हारून बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "ते टायर गुळगुळीत आहेत. ओल्या चढावर ट्रक वर जायचा नाही, मी मात्र खाली जाईन."

"तुला गाडी चालवता येते की कुरकुरता येतं?"

एका जुम्म्यापासून दुसऱ्या जुम्म्यापर्यंत हेच. गाववाले चहा प्यायला यायचे, मत देऊन जायचे. शेवटी हारूनच्या बहिणीने, शहरबानूने, भात वाढता वाढता नवऱ्याला विचारलं, "माझा भाऊ महाग की टायर?"

दुसऱ्या दिवशी खोल खाचांचे टायर आले. दोनच. मजीदमियाँनी ते पुढच्या चाकांना चढवायला लावले.

हारून डोकं धरून खाली बसला. "अहो, ढकलतात मागची चाकं! पुढची नुसती वळतात."

"मला शिकवतोस? तीन पिढ्या मचवे चालवले आमच्या घराण्याने. चांगलं लाकूड नाळीलाच लागतं. पाणी कापतं कोण? पुढचं टोक."

"आणि मचवा ढकलतं कोण?"

"वारा!" मजीदमियाँनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीच्या रकान्यात मान घातली. पगार देणाऱ्याशी वाद घालायची मला सवय नाही.

"घाटात वारा ढकलणार आहे का मला?" हारून ओरडला.

"ढकलेल. बिस्मिल्ला म्हण आणि निघ."

हारून निघाला नाही. त्याने दुकानासमोर, भर रस्त्यात, जॅक लावला आणि पुढची चाकं सोडायला घेतली. शेजारचा रोट्या भाजणारा इराणी नानबाई हातातलं पीठ तसंच ठेवून बघायला आला.

"एकाही चाकाला हात लावलास तर परत माझ्या दारात येऊ नकोस!" मजीदमियाँ गरजले.

"या टायरांवर गेलो तर तसाही येणार नाही," हारून म्हणाला आणि पान्यावर पाय देऊन उभा राहिला.

मागे एकेका बाजूला जोडचाकं. खाचांचे टायर दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला बसवायचे म्हणजे सगळं उसकटणं आलं. पाऊस भुरभुरत होता. हारून एकेक नट काढताना शिव्या पुटपुटत होता, त्यातल्या निम्म्या दुलाभाईंच्या नावाने. मजीदमियाँ छत्रीही न उघडता उभे. आतही जात नव्हते.

शेवटचं चाक बसलं. हारूनने पाना फेकला.

"उचल तो," मजीदमियाँ गुरगुरले. "डावीकडचा नट ढिला राहिलाय. नीट आवळ."

हारूनने पाना उचलला, त्यांच्याकडे न बघता नट आवळला आणि घाटाच्या वाटेला लागला.