घंटा कोण वाजवतं?

"आठाची मिस्सा, नि साडेआठ झाले तरी घंटा नाय! ह्यो खंयचो न्याय?" रुजायबायने तावातावाने अर्ज काशीबाईपुढे नाचवला. फादर आंतोन दर रविवारी मिस्सेला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, उशीर करतात, त्यांची बदली करा, असं तिने थेट बिशपांना लिहिलं होतं. वाडीतल्या बावीस ख्रिस्ती घरांच्या सह्या झाल्या होत्या. निवृत्त मास्तरीणबाईंचा अर्ज तो, शब्दाशब्दाला धार! घंटा वाजली की मगच घरून निघायचं, ही वाडीची जुनी रीत. ती घंटाच उशिरा वाजायची, त्याला माणसांनी काय करायचं?

काशीबाई हिंदू, पण तिचं घर कपेलासमोर, म्हणजे वाडीतल्या छोट्या चर्चसमोरच. ती शांतपणे म्हणाली, "ह्यांका घालवलास तर दुसरो फादर येतलो काय? खालच्या वाडयेतल्या कपेलाक कुलूप पडलां, ता इसारलंस?"

"म्हणान उशीर खपवन घेवचो?"

"आयताराक साडेसाताक माझ्या खळ्यात ये. चाय पी, नि मगे धाड तुझो अर्ज."

रविवारी रुजायबाय काशीबाईच्या अंगणात येऊन बसते तोच फादरांची स्कूटर आली. शेजारच्या गावची मिस्सा उरकून ते आले होते, उपाशीच. त्यांनी चौकटीवरची किल्ली घेऊन कुलूप काढलं, पँट दुमडली, विहिरीचं पाणी शेंदलं आणि वटवाघळांची घाण स्वतः घासून काढली. बाकं पुसली, मेणबत्त्या लावल्या. मग ओल्या बाह्यांनीच घंटेचा दोर ओढला. साडेआठ वाजले होते.

रुजायबायचे कान लाजेने तापले. बावीस घरं, आणि झाडू धरायला एक हात नाही!

"तुका म्हायत होतां, तर आदी सांगलंस कित्याक नाय?"

"तुमच्या देवाघरचां मी काय सांगतलंय? पण आता सांगतंय गो. माणसाक एकट्याक राबवचां नि वर त्याकाच नावां ठेवची, ह्यां खंयच्याच देवाक आवडाचां नाय."

त्याच दुपारी रुजायबाय तोच कागद घेऊन पुन्हा घरोघर फिरली. पाठीमागे तिने लिहिलं होतं: कोणत्या रविवारी झाडू कोणाचा, घंटा कोणाची, फादरांची न्याहारी कोणाकडे. पुढे सही केली त्याने मागेही करायची!

वाडीतला पास्कू कुरकुरला, "पाद्र्याचां काम पाद्र्यान करूचां."

"त्येचां काम मिस्सेचां. झाडू तुझो!" सही होईपर्यंत ती त्याच्या दारातून हलली नाही.

पुढच्या रविवारी फादर वळणावर असतानाच घंटा घणघणली. बिचारे घाबरून धावतच आत आले. लख्ख कपेल, आज घंटेआधीच भरलेली बाकं, आणि दोराशी रुजायबाय.

"उशीर झालो काय माका?"

"नाय फादर," ती दोर सोडत म्हणाली. "उशीर आमकां झालो."

मंडळी, गावोगावच्या लहान देवळांचे, कपेलांचे भार असे एकेका माणसाच्या खांद्यावर आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिण्याआधी एकदा अर्धा तास लवकर जाऊन बघा. आणि जाताना झाडू घेऊन जा!