पुढचं रिबीट

पारनेरच्या याकोब मिस्त्रीला दिसण्याचा भारी सोस. पुंजाराम धनगराचा सुरा हातात घेतला, तर शहाण्यानं आधी मूठ पक्की करावी की नाही? पण हा शनिवारी सकाळपासून बसला म्यानाला नटवत. चामड्याच्या तोंडाला पितळी पट्टी ठोकली, टोकाला टोपी चढवली, चिंचेनं घासघासून दोन्ही लखलखीत केली, आणि दिवस कलल्यावर त्याला मूठ आठवली.

मूठ म्हणजे बाभळीच्या दोन फळ्या. मधे पात्याची शेपटी धरायची आणि तिन्हींतून आरपार तीन रिबिटं ठोकायची. मागची दोन बसली. पुढचं, पात्याजवळचं भोक पाडताना गिरमिटाचं टोकच मोडलं. तेवढ्यात पुंजारामची बायको कडूबाई सुरा न्यायला दारात हजर. दिवाळी उरकली होती, सोमवारी पहाटे मेंढरं कोकणाकडं निघायची होती. लढाईचे दिवस, घरात रॉकेलचा थेंब नाही, म्हणजे अंधार पडला की काम बंद. आणि उद्या रविवार. रविवारी याकोब हत्याराला शिवत नसे. गावाला ते ठाऊक होतं आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

मग त्यानं पितळी खिळ्यांची दोन डोकी छाटली आणि दोन्ही बाजूंना लाखेनं चिकटवून दिली. आरपार काहीच नाही. बघणाऱ्याला तीन रिबिटं झकास दिसत होती. कडूबाईनं सुरा पदराखाली घेतला. शनिवारी लोखंड घरात आणू नये हे तिला कळत होतं, पण तीन कोसांचा हेलपाटा पुन्हा कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये याकोब गायला उभा राहिला खरा, पण आवाज काही लागेना. लाख पक्की असते, असं तो मनाची समजूत घालत राहिला.

जेठात, पावसाच्या तोंडाला, पुंजाराम परतला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. घाटात मेंढरांसाठी फांदी तोडताना मूठ पुढून उकलली, हात पात्यावर घसरला, जखम चिघळली. पण पुंजाराम याकोबला बोल लावायला आलाच नव्हता. मूठ पुन्हा बसवून द्या, एवढंच तो म्हणाला. चूक त्याच्या मते बायकोची. तिनं शनिवारी लोखंड घरात आणलं आणि शनिदेवाचा कोप झाला. परतल्या परतल्या तिला त्यानं जामखेडकडं माहेरी धाडलं होतं, आणि परत आणायचं नाव काढत नव्हता.

गप्प बसला असता तर याकोब सुटला असता. देवानं, आणि तेही दुसऱ्यांच्या, त्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला होता. चार दिवस सुरा तसाच पडून राहिला. घास गोड लागेना, बायकोवर उगाच खेकसणं वाढलं. एक बाई आपल्यापायी घराबाहेर पडली, हे काही केल्या मनातून जाईना. पाचव्या दिवशी त्यानं फळ्यांतली ती दोन डोकी उचकटून काढली, पुंजारामचं घर गाठलं आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली. पुढचं रिबीट नव्हतंच, लबाडी माझी, वहिनींचा दोष नाही, असं एका दमात सांगून टाकलं.

पुंजारामनं ती डोकी मुठीत आवळली. आता हा मारतो, असं याकोबला वाटलं. मारलं असतं तर बरंही वाटलं असतं.

"हे मला नगा सांगू, मिस्त्री," पुंजाराम म्हणाला. "तिच्या दारात चला आन् तिथं सांगा."

दोघं जामखेडकडं गेले. कडूबाई अंगणात हुलगे पाखडत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. याकोबनं मान खाली घालून सगळं सांगितलं. तुम्हाला फसवलं, तुम्हाला बिचाऱ्यांना काय ठाऊक, असंही म्हणाला.

"ठावं हुतं की. तुमी डोकी छाटली तवा मी म्होरंच उभी हुते."

मग त्याच वेळी विचारलं का नाही, असं याकोबनं कसंबसं विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी देवाचा दिस पाळनारी मानसं. मला वाटलं, रिबीट असंच करत असत्याल."