दहाने गुणा, मग बोला

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे आणि सध्या चांगलाच तापलेलो आहे. आतलं काही जळालं म्हणून नव्हे. मला खोटारडं ठरवलं म्हणून. आणि तेही कुणा परक्याने नाही, घरच्या लेकीने!

माझं काम ठाऊक नसेल, तर थोडक्यात सांगतो. वीज डोळ्यांना दिसत नाही, ती मी दाखवतो. माझ्या तोंडावर चौकोन आखलेली हिरवी काच आहे. मला जोडलेल्या वायरच्या टोकाला पेनासारखा प्रोब असतो. तो सर्किटला टेकवला की काचेवर रेघ उमटते. विजेचा दाब जितका जास्त, तितकी रेघ वर. माझ्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढंच मी दाखवतो. पदरचं काही घालत नाही.

कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी मला तीन दिवस तपासलं आणि पाठीवर सही करून पास केलं. ती सही अजून जशीच्या तशी आहे. तिथून मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या दुकानात आलो. सव्वीस वर्षं तिथे राबलो. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की मालक माझ्याकडे बोट दाखवायचे. मग गिऱ्हाईक गप्प. असा माझा मान होता.

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथूनच झालं. प्रोबवर तांदळाच्या दाण्याएवढं एक बटण असतं. ते ‘एक’वर असलं की सगळा दाब माझ्यापर्यंत येतो. ‘दहा’वर सरकवलं की दहावा हिस्साच येतो. जुन्या टीव्हीत दाब भयंकर, म्हणून मालक बटण कायम दहावर ठेवायचे आणि मी दाखवीन त्याला मनात दहाने गुणायचे. एकदा गुणायचं विसरले आणि कुणाचा तरी चांगला चालणारा ॲम्प्लिफायर उगाच खोलून बसले. त्या दिवशी त्यांनी लेकीची नेलपॉलिशची बाटली ढापली आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला. ठिपका दिसला की दहाने गुणा. लेकीने बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, ते मला चांगलं आठवतं.

पुढे दुकान बंद झालं. मी घरी आलो आणि कपाटावर चढलो. सात वर्षं माझ्या डोक्यावर एक सूटकेस होती. कुणी चुकूनही विचारलं नाही.

इकडे मालकांचे कान गेले. बेल वाजली तरी पत्ता नाही. ‘चहा ठेवू का’ म्हटलं की ‘गुरुवारी’ म्हणायचे. मग घरात त्यांना काही विचारणंच बंद झालं. जावईबापूंनी तर जाहीरच केलं, की बाबांचं आता काही खरं नाही. ते वाक्य मी कपाटावरून ऐकलं आणि मला मनापासून वाईट वाटलं.

लेक औषधांच्या दुकानात काम करते, पण हौस सर्किटची. बेल वाजली की बाबांच्या खुर्चीशेजारी दिवा लागावा, असं सर्किट तिने जुळवायला घेतलं. बेत गोड होता. तिने मला खाली उतरवलं, तेव्हा मी हरखून गेलो. पण कामाला लावण्याआधी तिने मला स्पिरिटने लख्ख पुसलं. काचेवरचा लाल डाग काही निघेना, म्हणून नखाने खरवडून काढला!

मग काय व्हायचं ते झालं. सर्किटमध्ये पाच व्होल्ट हवे होते. बटण अजून दहावरच, म्हणून मी अर्धा व्होल्ट दाखवला. तिने नवी बॅटरी घातली. दाब पाचवर धरून ठेवणारा तीन पायांचा भाग तीनदा बदलला. सगळे जोड पुन्हा तापवून पक्के केले. मी आपला अर्धाच. दुसरं काय दाखवणार? शेवटी जावईबापूंनी त्यांचं पिवळं मीटर आणून लावलं. त्याने पाच दाखवले. मग माझ्याकडे वळून तेच वाक्य, याचं आता काही खरं नाही.

शनिवारी सकाळी मला भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं. शेजारी गळकी बादली. सव्वीस वर्षांच्या इमानदारीचं हे बक्षीस! तेवढ्यात मालक फिरून आले आणि मला पाहून थबकले. हा बाहेर का, असं त्यांनी विचारलं.

“खोटं दाखवतो तो, बाबा,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

“मोठं?” मालक म्हणाले. “मोठं कसं दाखवेल? दाखवलं तर छोटं दाखवेल.”

लेक ओल्या हातांनीच बाहेर आली. छोटंच दाखवत होतो मी, आणि ते तिने बाबांना सांगितलंच नव्हतं. मालकांनी मला उचलून टेबलावर ठेवलं, प्रोब हातात घेतला आणि माझ्या काचेवरून अंगठा फिरवला.

“ठिपका कुठाय गं?”

तिला सगळं आठवलं. ती बाटली, ते भांडण, तो ठिपका कशासाठी होता तेही. तिने हळूच गुणाकार केला, अर्धा गुणिले दहा. अहो, मी पहिल्या दिवसापासून पाचच म्हणत होतो!

“त्याच्यापर्यंत दहावा हिस्सा पोचत होता, तेवढाच त्याने दाखवला,” मालक म्हणाले. “माझंही तसंच आहे, बाळ.”

लेक त्यांच्यासमोर खाली बसली. डोळे पुसले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहत, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, “बाबा, चहा ठेवू का?”

“ठेव की. आलं घाल.”

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांचं उत्तर चुकलं असं वाटलं, तर आम्हाला दाराशी ठेवण्याआधी तुमचं विचारणं आमच्यापर्यंत किती पोचलं ते बघा. एवढंच माझं मागणं आहे, आणि ते रागानेच आहे.

संध्याकाळी लेकीने माझ्या काचेवर नवा लाल ठिपका दिला. मालकांनी आपला अंगठा पुढे केला. तिने त्यांच्या नखावरही एक दिला. जावईबापूंनी विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, यापुढे बाबांशी बोलताना दहाने गुणायचं.