मागे राहिलेली मेंढरं

महानंदाचा उजवा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये सापडला, तेव्हा शालन तिच्यापासून दोन पावलांवर उभी होती. किंचाळली ती शेजारची शिवलीला. महानंदाच्या तोंडून आवाजच फुटला नाही. आपल्या हाताचं हे काय झालंय, ते न कळल्यासारखी ती नुसती बघत राहिली आणि मग शालनच्या अंगावर कोसळली.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या अंगाला विजेच्या पेट्या बनवणारा तो कारखाना. शालन तिथली प्रॉडक्शन मॅनेजर. मूळची निपाणीची, ख्रिस्ती घरातली. हाताखालच्या बायका बहुतेक अथणी-चिकोडीकडच्या, मराठीत कानडी आणि कानडीत मराठी मिसळून बोलणाऱ्या. सगळ्या तिला अक्का म्हणत. सकाळी कामाची पाळी सुरू होण्याआधी शालन त्यांना गोल उभं करायची आणि मान खाली घालून म्हणायची, "प्रभू, या सगळ्यांचे हात सांभाळ." बायकांचे देव वेगळे होते, पण त्या वेळेला सगळ्या डोळे मिटायच्या. ज्या मॅनेजरला आपल्या हातांची काळजी वाटते, तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

हात आत गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. तो त्या आठवड्यात बिघडला होता आणि उगीचच प्रेस थांबवत होता. शालनने संचालकांना, जयतीर्थांना, फोन केला.

"नवा येईपर्यंत सेन्सर बंद ठेवून चालवा," ते म्हणाले. "ऑर्डर थांबवता येणार नाही. बायकांना जपून काम करायला सांगा."

"सरी सर," शालनने होकार दिला.

अपघाताच्या दिवशी, शुक्रवारी, महानंदा प्रेससमोर घुटमळली होती. "अक्का, लाइट लागत नाही सेन्सरचा. चालवू?"

"चालव. जपून कर."

त्याआधी नेहमीसारखी प्रार्थनाही झाली होती.

महानंदाची तीन बोटं गेली. शस्त्रक्रिया संपेपर्यंत जयतीर्थ स्वतः इस्पितळात बसून होते. माणूस दगडाच्या काळजाचा नव्हता. शनिवारी त्यांनी शालनला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

"सोमवारी सरकारी निरीक्षक येतील," ते म्हणाले. "महानंदाने घाईत स्वतःच सेन्सर बंद केला, असं सांगायचं. तिच्या उपचारांचं मी बघतो. तिला वाऱ्यावर सोडणार नाही."

"पण सर, ते खोटं आहे."

"खरं सांगितलंत तर प्रेसला सील लागेल. प्रेस बंद म्हणजे कारखाना बंद. मग या बायका कुठे जातील? तुमच्या प्रार्थनेने त्यांची चूल पेटेल?"

शालन बाहेर आली तर शिवलीला दाराशीच उभी होती. आत काय बोलणं झालं असेल, ते तिने ओळखलं होतं.

"महानंदाचं वाईट झालं अक्का. मी पण रडले," ती म्हणाली. "पण तिची बोटं आता परत यायची नाहीत. गेट बंद झालं तर मी पोरींना घेऊन कुठं जाऊ? स्वल्प आमचा पण विचार करा."

रविवारी शालन इंदिरानगरच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला गेली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. आपल्या शालनबाई कामाच्या ठिकाणी दिव्यासारख्या आहेत, त्यांच्या कारखान्यात अपघात झालाय, त्यांना बळ मिळावं म्हणून प्रार्थना करू या, असं ते म्हणाले. आजूबाजूच्या बायकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले. ते हात झटकून पळत सुटावं, असं शालनला वाटलं.

कितीतरी वर्षं ती रविवारच्या शाळेत मुलांना हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत आली होती. एका मेंढरासाठी मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून जातो. मुलांना गोष्ट आवडायची, तिलाही आवडायची. त्या नव्व्याण्णवांचं मागे काय झालं असेल, हा विचार आज पहिल्यांदा तिच्या मनात आला आणि हटेना. तिने डोळे घट्ट मिटले. प्रभू, एकदा सांग, कोणाला सोडू? आत नुसता अंधार होता. कोणी काही बोललं नाही.

तिथून ती इस्पितळात गेली. महानंदा उशीला टेकून बसली होती. तोंड सुकलं होतं, हातावर मोठं बँडेज होतं.

"साहेब आले होते," ती म्हणाली. "म्हणाले, सेन्सर तूच बंद केलास. अक्का, मला तर आठवतंय की मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही चालव म्हणालात. का औषधानं मला भ्रम झालाय? माझं डोकं फिरलंय का?"

"झोप आता," शालन म्हणाली. "नंतर बोलू."

महानंदाने शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. शालन बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. बोटं गेली ती गेलीच. आता आपण या बाईची अक्कलही तिच्याकडून काढून घेत होतो. उद्यापासून ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नव्हती.

सोमवारी निरीक्षक प्रेससमोर उभे राहिले. जयतीर्थ बाजूला होते, मागे बायका दाटीवाटीने उभ्या होत्या.

"सेन्सर कोणी बंद केला?" निरीक्षकांनी विचारलं.

"महानंदाने नाही," शालन म्हणाली. "तो आठवडाभर बंद होता. मला ठाऊक होतं. तिने मला विचारलं, आणि प्रेस चालवायला मी सांगितलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. पण नाही म्हणणं माझ्या हातात होतं. मी म्हटलं नाही."

जयतीर्थांनी तिच्याकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढून ते तिथेच बसले, एकदम म्हातारे झाल्यासारखे.

दुपारपर्यंत प्रेसला सील लागलं. शालनला घरी जायला सांगण्यात आलं. पुढचं कळवू, एवढंच. बायका डबे हातात घेऊन गेटबाहेर उभ्या होत्या. शालन त्यांच्यासमोर थांबली. "कामगार खात्यात जाऊ या आपण," ती म्हणाली. "बंद काळातल्या पगारासाठी अर्ज करू. मी येते तुमच्याबरोबर."

शिवलीला पुढे आली.

"तुमचा देव तुम्हाला शाबासकी देईल," ती म्हणाली. "आम्हाला काय देईल?"

"मला ठाऊक नाही गं," शालन म्हणाली. खरंच ठाऊक नव्हतं. तिला शाबासकीही कुठे ऐकू आली नव्हती.

इस्पितळात पोचल्यावर ती पलंगाजवळ उभीच राहिली. बसायची हिंमत झाली नाही.

"तुला भ्रम झाला नाही, महानंदा. चालव म्हणून मीच सांगितलं होतं. आज तसं सांगून आले."

महानंदाने मान वर केली. "मग काल का नाही बोललात?"

"भ्याले."

"रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या, अक्का." तिचा आवाज फाटला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती रडू लागली. अपघातापासून पहिल्यांदाच, मोठ्याने. नर्स डोकावून गेली. शालन तशीच उभी राहिली. माफी मागायचं धैर्य तिला झालं नाही. मागितली असती तर ती द्यायचं ओझंही महानंदावरच पडलं असतं.

रडणं ओसरल्यावर महानंदा उठून बसली. केसांच्या गुंता झालेल्या जटा तोंडावर आल्या होत्या. डाव्या हाताने कंगवा घेऊन ती विंचरू लागली. तो अडकला, निसटला आणि खाली पडला.

शालनने तो उचलला. महानंदा हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. तिने फक्त पाठ वळवली. शालन पलंगाच्या कडेवर टेकली आणि खालच्या टोकापासून एकेक गुंता सोडवू लागली. पर्समधला फोन वाजत होता. गेटवरच्याच बायका असणार.

"स्वल्प हळू," महानंदा म्हणाली. "दुखतंय."